खाती किती आन् देती किती?

प्रिय मिहिर आणि सई,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आई-बाबांच्या लग्नाची सीडी कापून छोटी करायची आहे. पण बाबांनी दिलेला लॅपटॉप जुना आहे आणि विकतचं काही परवडणार नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मागून तुमची आई हसली, "अरे, आजीला काय विचारताय?" हसू दे तिला. या विषयातलं मला जेवढं कळतं, तेवढं राजारामपुरीतल्या माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही बाईला कळत नसेल. त्याचं कारण आमचा शेजारी महादेव. त्याच्याबद्दल तुम्हाला कधीतरी सांगायचं होतंच. तुम्ही विचारलंत, म्हणून आज लिहायला बसले.

महादेव सॉफ्टवेअर घ्यायचा ते म्हैस घेतात तसं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. त्याचं घराणं नेसरीकडचं, दुधाचा धंदा करणारं. तो कोल्हापुरात आला, खांद्यावर कॅमेरा घेतला आणि लग्नांचं चित्रण करू लागला, पण माणूस गोठ्यातलाच राहिला. कुणी नव्या सॉफ्टवेअरची सीडी दाखवली की त्याचा पहिला प्रश्न, "खाती किती आन् देती किती?" म्हणजे ते कॉम्प्युटरची किती शक्ती खातं, आणि त्या बदल्यात काय देतं.

त्याचा कॉम्प्युटर होता कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं टाकून दिलेला. त्याच्या डब्याला झाकण नव्हतं, कारण झाकण लावलं की तो तापायचा. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला. महादेवची बायको सुमन पदरानं वारा घेत म्हणायची, "अक्का, मी पुढच्या जन्मी कॉम्प्युटर हुनार बगा." महादेव मधूनमधून डब्याच्या पाठीवर तळवा ठेवायचा. "अंग कोमट हाय. आजून चालंल." कॉम्प्युटर बंद पडला की तो म्हणायचा, "बसली म्हस. आता तासभर उठायची न्हाय," आणि सरळ आमच्याकडे चहाला यायचा.

मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून वेष्टनावरचं बारीक इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे. 'मिनिमम रिक्वायरमेंट्स' असा मथळा असे. मी सांगितलं, "म्हणजे कमीत कमी एवढं तरी हवं."

"व्हय, म्हंजे जगण्यापुरता चारा," तो म्हणाला. "दुधाचं बोला की अक्का. दुधाला किती लागंल?"

खाली 'रेकमेंडेड', म्हणजे नीट चालायला लागेल तेवढं, असं लिहिलेलं असे. ते वाचून दाखवलं की महादेव सीडी वेष्टनात परत घालायचा. "न्हाय झेपत. गोठा पाडंल ही."

प्रत्येक सीडीला त्यानं म्हशीसारखं नाव दिलं होतं. पुण्याहून एकानं आणून दिलेली, सगळ्यांत महागडी, ती 'जाफराबादी'. दुसरी महिनाभर फुकट होती, पण पैसे भरेपर्यंत चित्रावर आडवं आपलंच नाव छापायची. ती 'लाथाळ'. जाफराबादी गुणी होती. नवरानवरीला ती गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायची, सासऱ्याला बदामात बसवायची. त्या वर्षांत लोकांना हेच हवं होतं. सुमनचा जीव त्या जाफराबादीत अडकलेला. "लोकं गुलाब मागत्यात आन् ह्यो माणूस नको म्हंतोय! सीझन तोंडावर आलाय, अक्का. तुमी तरी सांगा की!"

महादेव ऐकत नव्हता. त्याची तक्रार एकच होती, चित्रं गळतात. तीही समजावून सांगते, म्हणजे तुमच्याही उपयोगी पडेल. जुनी टेप व्हीसीआरमध्ये लावायची आणि कॉम्प्युटरनं ती उतरवून घ्यायची. दर सेकंदाला पंचवीस चित्रं येत राहतात. सॉफ्टवेअर जड असलं आणि कॉम्प्युटर म्हातारा, तर त्याला धाप लागते आणि तो मधली चित्रं सोडून देतो. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. सुमन म्हणायची ते खरंच होतं, "एकादं चित्र गळलं तर काय वरात थांबती व्हय?"

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. नवीन सॉफ्टवेअर तपासायचं म्हटलं की महादेव दरवेळी एकच टेप मागून न्यायचा. तुमच्या आई-बाबांच्या लग्नाची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानंच ती काढलेली. "तुमची टेप लई झ्याक हाय, अक्का," एवढंच म्हणायचा. मी खूश. आमच्या घरच्या लग्नाची सजावट, शिस्त, वेळेवर पडलेल्या अक्षता, असं सगळं मी माझ्या मनाशी त्यात जोडून घेतलं होतं. दोन-तीन मैत्रिणींना सांगितलंही, की आमच्या घरचं लग्न नमुन्याचं म्हणून वापरतात.

पण टेप जितकी फिरते तितकी झिजते. एकदा ती परत आली तेव्हा मी लावून पाहिली. मांडवात पांढरे ठिपके पडू लागले होते आणि तुमच्या आईचा शालू विरल्यासारखा दिसत होता. तुमच्या आईनं फोनवरून मला बजावलं होतं, की टेप सांभाळा, ती एकच आहे. पुढच्या वेळी महादेव आला तेव्हा मी दारातच सांगितलं, "महादेव, आता पुरे. गावातली इतकी लग्नं काढलीस तू, दुसऱ्या कुणाच्या टेपवर प्रयोग कर."

तो "बरं," म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी सुमन आली. तिचा आवाज नेहमी चौकापर्यंत जायचा, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती.

"अक्का, दुसऱ्या टेपीत त्या न्हाईत."

"कोण नाही?"

"सासूबाई."

हौसाबाई, महादेवची आई. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुमच्या आई-बाबांच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच ती गेली. उंच, काळीसावळी, आवाज सुमनपेक्षाही मोठा. आमच्या मांडवात पाहुण्यांना अक्षता वाटायला तीच होती. महादेवनं जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना कॅसेटमध्ये घातलं, पण आईनं कधी कॅमेरा आपल्याकडे वळू दिला नाही. वळला की ओरडायची, "माजं काय काढतुयास? टेप सपंल. नवरी काढ!" घरात तिचा फोटोही नव्हता. पुढं काढू म्हणता म्हणता राहून गेला.

"तुमच्या घरच्या लग्नात ह्यांनी एकदाच काढलीया," सुमन म्हणाली. "लगी पदर घेतला त्यांनी तोंडावर. डोळा लवायच्या आत. जाफराबादी लावली की नुसता पदरच येतोय बगा. तोंड गळतंय."

मी आत जाऊन टेप आणली आणि सुमनबरोबरच त्यांच्या घरी गेले.

महादेव खुर्चीत बसून होता. टेप त्याच्या हातात देत मी विचारलं, "आता कुठली म्हैस राहिली आहे?"

"एक गावठी हाय," तो म्हणाला. "फुकट मिळालीया. गुलाब न्हाईत, बदाम न्हाईत, काय न्हाय. खाती बी न्हाय काय." मग म्हणाला, "अक्का, ही एकदाच लावतो. न्हाय जमलं तर परत मागनार न्हाय मी."

टेप लावली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मग महादेवनं उतरवून घेतलेलं सुरुवातीपासून एकेक चित्र पुढे सरकवायला घेतलं. भटजींचा हात. तुमच्या आजोबांचा फेटा. पदर आला. महादेव सावकाश एकेक चित्र मागे गेला.

हौसाबाई होती. हातात ताट, तोंड उघडं, कॅमेऱ्याकडे बघून ओरडणारी. वाजंत्र्यांमुळे आवाज ऐकू येत नाही, पण काय म्हणते आहे ते आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"बोलती की," महादेव म्हणाला. मग बराच वेळ त्यानं पुढचं चित्र लावलं नाही. सुमननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी घरी आले.

ती गावठी त्यानं पुढं कॉम्प्युटरमधून काढली नाही. त्या सीझनला गुलाबवाली लग्नं दुसऱ्या व्हिडिओवाल्यांकडे गेली, आणि सुमन त्याला उठता-बसता बोलली. महादेव मात्र गल्लीतल्या लोकांच्या कपाटांतल्या जुन्या टेपा मागून आणायचा आणि उतरवून द्यायचा. "कुनाचं कोन कुटं गावंल, काय सांगावं?" एवढंच म्हणायचा. पुढं त्यानं लग्नं काढायचं सोडलं. आता दोघं नेसरीला असतात.

तेव्हा मुलांनो, भपकेबाज काही घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपला पेलेल असं घ्या, आणि घेण्याआधी एकेक चित्र तपासून बघा.

टेप आता लागत नाही, नुसते पांढरे ठिपके दिसतात. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. तुमच्याकडे आहे ती सीडी महादेवनं त्या दिवशी उतरवलेलीच आहे. अक्षता पडल्यावर आजोबांच्या डाव्या खांद्यामागे हिरव्या लुगड्यातली हौसाबाई आहे. पदर तोंडावर यायच्या आधीची तिची तीन चित्रं आहेत, आणि तिन्ही स्वच्छ आहेत.