हिंदुरावांचा विनंती थांबा

आमच्या कॉलनीत एक माणूस रोज सकाळी कचऱ्याला पाणी घालतो. हातात झारी, कमरेत वाकलेला, समोर वाळलेल्या पानांची बादली. नवीन भाडेकरू हे पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नसावं, रोप समजून पाचोळा भिजवतोय. तसं काही नाही. हिंदुराव अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. रस्त्याच्या टोकाला वळणाऱ्या गाडीची पाटी ते चष्म्याशिवाय वाचतात.

त्याचं असं झालं. आमच्या घंटागाडीला दोन कप्पे आले, हिरवा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. अण्णा आपल्या बदामाची वाळलेली पानं निळ्या कप्प्यात ओतायला गेले, तर गाडीवरच्या सुरेखानं बादली धरली. म्हणाली, पानं ओल्यात. अण्णांनी त्यातलं एक पान उचललं, तिच्या कानाशी नेलं आणि मुठीत चुरडलं.

"ह्ये वलं हाय?"

"पान कसलंबी असूंदे अण्णा, वल्यातच टाकायचं. वरनं तसं सांगितलंय."

दुसरा कुणी असता तर दोन शब्द बोलून मोकळा झाला असता. अण्णा घरात गेले, झारी आणली, बादलीभर पानांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "आता झालं वलं. घे." तेव्हापासून हा नेम कधी चुकलेला नाही.

मी अण्णांचा शेजारी. आमच्या दोघांत एक कंपाउंडची भिंत आणि एक बदामाचं झाड. भिंत माझ्या पैशानं बांधलेली आहे, झाड त्यांचं आहे. हे पुढं लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अण्णा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते नोकरीतून उतरले तरी गाडीतून काही उतरले नाहीत. दारात पाहुणा आला की 'या, बसा' असं म्हणत नाहीत. 'बोला, कुटं?' असं विचारतात. उभे राहतात ते पाय फाकवून आणि पाठ चौकटीला टेकवून, जसं काही घर आत्ता वळण घेणार आहे. माझ्या घराच्या वास्तुशांतीला मी त्यांना पंगतीची व्यवस्था बघायला सांगितली. त्यांनी पहिल्या रांगेतली दोन पानं आमदारांसाठी राखीव म्हणून शेवटपर्यंत रिकामी ठेवली. आमदार येणारच नव्हते, मी बोलावलंच नव्हतं. त्या दोन पानांवर माझा सख्खा मेहुणा बसायला गेला तर त्याला 'मागं जागा हाय' म्हणून उठवलं. मेहुणा अजून बोलत नाही. त्याबद्दल मात्र माझी अण्णांवर तक्रार नाही.

घंटागाडीसुद्धा त्यांनी आपल्या शिस्तीत आणली. कचरा टाकून झाला की ते गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारतात. डबल बेल. तोपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मागं माझी मोटारसायकल अडकून मी कितीही हॉर्न वाजवला तरी नाही.

आता माझी तक्रार. बदामाचं झाड ज्यांच्या दारात आहे त्यांना सांगायला नको. त्याची पानं म्हणजे पानं नसतात, पत्रावळी असतात. लाल होऊन पडायला लागली की माझ्या अंगणातली फरशी दिसत नाही. सकाळी झाडावी तर दुपारी पुन्हा तेवढीच. मी बाजारात पाटीत लिंबं घेऊन बसलो तिथून नळ-पाइपांच्या दुकानापर्यंत आलो, ते गप्प बसून नव्हे. मी अण्णांकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या बाजूच्या फांद्या छाटा, मजुरी निम्मी माझी. नाही म्हणाले. म्हटलं, सगळी मजुरी माझी. नाही. म्हटलं, वर स्वयंपाकघराला नवा नळ बसवून देतो, कंपनीचा. तिसऱ्या बोलीला मला नाही म्हणणारा माणूस या बाजारपेठेत नाही. माझा कुठलाही सौदा संध्याकाळपर्यंत लटकत राहत नाही, एक तर जमतो नाहीतर तुटतो.

अण्णा चौकटीला टेकले. म्हणाले, "शेठ, झाड ही गाडी हाय. पान पाशिंजर. पाशिंजर कुटं उतरला, त्याला गाडी काय करंल?"

त्यात आणखी एक भानगड. माझ्या अंगणात पडलेल्या काही पानांना बारीक, गोल, नीटस भोकं दिसायला लागली. झाडाला कीड लागली तर माझ्या कढीपत्त्यावर उतरणार, म्हणून मी शेतीच्या दुकानातून औषध आणलं आणि नाकाला रुमाल बांधून माझ्या बाजूच्या सगळ्या फांद्यांवर फवारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोकं. कीड भलतीच हुशार निघाली. पानाच्या बरोबर मधे भोक पाडायची, कधी एक, कधी दोन.

अशातच पालिकेनं नवा आकार काढला. घंटागाडीच्या कर्ण्यातून गाणं थांबवून सांगायला लागले, की बागेतला कचरा, म्हणजे पाला, पाचोळा आणि फांद्या, दारातून न्यायचा असेल तर दरमहा वेगळे पैसे. मी निवांत होतो. माझ्याकडे बाग कुठली? एक तुळस आणि तो कढीपत्ता. पण पाहणीला आलेल्या माणसानं माझ्या अंगणातला ढीग बघितला आणि विचारलं, मग हे काय? मी म्हटलं, हे शेजाऱ्याचं आहे. तो म्हणाला, शेजारी पान टाकायला आला होता का?

मी तडक भिंतीपाशी गेलो आणि अण्णांना हाक मारली. झाड तुमचं, पान तुमचं, आकार तुम्ही भरा. अण्णांनी नेहमीचा न्याय केला. जिथं उतरला तिथलं तिकीट.

मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. अण्णांनी स्वतःचा आकार एका शब्दानं कबूल केला होता. कमी करा म्हणाले नाहीत, पेन्शनर आहे म्हणाले नाहीत. पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस सगळ्या बाजाराचं नुकसान करतो. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, लगेजचं तिकीट घ्यावंच लागतं.

मग मी पालिकेत गेलो. साहेबांच्या टेबलावर चहा दोनदा आला आणि दोनदा थंड झाला. पण उठलो तेव्हा सौदा करूनच. गाडीनं आमच्या कॉलनीत दारोदार थांबायचंच नाही. सगळा कचरा, ओला, सुका, पाचोळा, आम्ही कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपाशी नेऊन ठेवायचा. गाडीचा वेळ वाचतो, डिझेल वाचतं, म्हणून पाचोळ्याचा आकार निम्म्याहून खाली. साहेबांची अट एकच, कॉलनीतली सगळी घरं तयार पाहिजेत. एकाच्या दारात थांबायचं तर सगळ्यांच्याच दारात थांबावं लागणार.

दुसऱ्या दिवशी कॉलनीत लोक मला थांबवून थांबवून शाबासकी देत होते. कुणी नारळ दिला. फक्त अण्णा म्हणाले, मला नाही जमायचं.

मला वाटलं, वय झालंय, कोपऱ्यापर्यंत बादली न्यायचा त्रास. म्हटलं, तुमच्या बादल्या मी नेतो. नको. म्हटलं, तुमचा निम्मा आकारही मी भरतो. नको. फाटकाचे गज धरून उभे, तोंड पाडलेलं. आता माझं डोकं फिरलं. एका घरापायी सगळ्या कॉलनीनं भरायचं का, ही कुठली माणुसकी, उद्या मी ही भिंत दोन फूट वर चढवतो आणि वर जाळी मारतो. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, मोठ्या रस्त्याला विनंती थांबा असतोय, म्हाईत हाय न्हवं?"

"त्याचं इथं काय?"

"तितं माणूस हुबा असला तरच गाडी थांबती. माणूस दिसला न्हाई तर सरळ जाती." एवढं बोलून ते आत गेले.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हातारा भरकटलाय. सौदा तुटायची वेळ आली होती आणि समोरचा मला थांब्याच्या गोष्टी सांगत होता. ठरवलं, उद्या गाडी येईल तेव्हा सुरेखाच्या देखत विषय काढायचा. चार माणसांत माणूस लवकर नरमतो.

सकाळी ब्रश तोंडात घालून मी भिंतीशी उभा राहिलो. बोलायची तीन वाक्यं तयार होती. गाडी आली, थांबली. अण्णांकडे पाचोळा होता तो एका पोत्यात मावला असता. त्यांनी तीन लहान बादल्या केल्या होत्या. पहिली आणली, ओतली, आत गेले. दुसरी आणली, ओतली, आत गेले. व्यापारी माणसाला हे बघवत नाही. पण ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं आणि सुरेखा गाडीला टेकून उभी होती, जसं काही हे असंच व्हायचं असतं.

तिसरी बादली झाली. मग सुरेखानं विचारलं, "अण्णा, आज कुठली गाडी?"

"कुंडल. मार्गे पलूस."

"मग द्या एक. म्हायेर हाय माझं."

अण्णांनी झाडाखालचं एक लालभडक पान निवडून उचललं. खिशातून कागदाला भोक पाडायचा चिमटा काढला. सरकारी चिमटा डेपोत जमा करावा लागला असणार, हा स्टेशनरीच्या दुकानातला होता. पानावर टिक करून वाजवला आणि पान तिच्या हातात दिलं. ड्रायव्हरला एक दिलं, त्याला दोन भोकं, म्हणजे पास. गाडी सुटली की हीच तिकिटं उडून माझ्या अंगणात येत असणार. माझी कीड चिमटा घेऊन फाटकात उभी होती.

मग अण्णांनी विचारलं, आईचा गुडघा काय म्हणतोय. सुरेखानं सांगितलं, जिना चढवत नाही, भाऊ लक्ष देत नाही. अण्णांनी सांगितलं, कोणत्या गाडीनं गेलं तर दारासमोर उतरता येतं आणि कोणती गाडी ओढ्याच्या अलीकडंच सोडते. ड्रायव्हरनं मधेच विचारलं, घाटात ब्रेक गेलेला तो किस्सा राहिला की अण्णा. अण्णा म्हणाले, तो उद्या. मग पत्र्यावर दोन थापा. गाडी गेली.

अण्णा पाय फाकवून फाटकात उभे राहिले. गाडी वळणाआड गेली तरी उभे होते. मी भिंतीमागं आहे हे त्यांना कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. मागं न बघता म्हणाले,

"दिवसातनं एकच गाडी थांबती बगा शेठ, आपल्या दारात."

अण्णांच्या पत्नी, आमच्या काकी, जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात आहे, रविवारी फोन करतो. पेपरवाला सायकलवरूनच पेपर फेकतो. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या तोंडात पेस्टचा फेस होता आणि तयार केलेली तीन वाक्यं. मी आत जाऊन चूळ भरली.

त्याच दिवशी पुन्हा पालिकेत गेलो. साहेबांना वाटलं, आणखी उतरवायला आलोय. मी म्हटलं, सौदा तसाच ठेवा, फक्त एक घर सोडा, तिथं गाडी दारात जाऊ दे. ते म्हणाले, एका घरासाठी गाडी आत घालता येणार नाही. मी टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, निदान दोन लागून घरं असली तर बघू, पण त्या दोघांना पूर्ण आकार. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेला भाव तसाच कबूल केला आणि उठलो.

तेव्हापासून बाकीची सगळी कॉलनी कोपऱ्यावर कचरा टाकते आणि निम्म्याहून कमी आकार भरते. मी पूर्ण भरतो, तोही दुसऱ्याच्या झाडाच्या पानांचा. लोकांना वाटतं, यात माझा काहीतरी आतला फायदा असणार.  बायको मात्र बाजारातून येताना एक झारी घेऊन आली.

अण्णांनी आभार वगैरे मानले नाहीत. उलट पहिल्याच दिवशी भिंतीवरून वाकून सांगितलं, की तुमची पानं सुकी जात आहेत.

मागच्या आठवड्यात ते तापानं पडले. गाडी आली तशी मी त्यांच्या तीन बादल्या एकेक करून आणल्या. एका खेपेत झाल्या असत्या. सुरेखानं पहिल्या बादलीतलं पान उचललं, माझ्या कानाशी आणून चुरडलं आणि नुसती बघत राहिली. मी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. कुणी नव्हतं. झारी घेतली आणि कचऱ्याला पाणी घातलं.

सगळं टाकून झालं तरी गाडी हलेना. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता. मी पत्र्यावर एक थाप मारली, तर त्यानं चालू केलेलं इंजिन बंद केलं. तेवढ्यात अण्णांच्या घराच्या खिडकीतून घोगरा आवाज आला.

"एक म्हंजी थांबा. दोन मारा, शेठ."

मी दोन मारल्या. गाडी गेली. वळणाआड जाईपर्यंत मी फाटकातच उभा होतो. मग खिडकीपाशी गेलो. अण्णा गोधडी पांघरून बसले होते, डोळे तापानं लाल. हातात एक पान होतं, दोन भोकांचं. त्यांनी ते गजांमधून बाहेर धरलं.

"तुमच्या बाजूचं हाय का आमच्या?" मी विचारलं.

"उतरला कुटं त्यावर हाय," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, हे मला कबूल नाही, बरे व्हा, मग बोलू. पान खिशात घातलं आणि दुकानाला गेलो. तो सौदा अजून जमलेला नाही आणि तुटलेलाही नाही. उद्या सकाळी गाडी यायच्या आधी आम्ही पुन्हा बसणार आहोत.