दिगांबरभाऊची उघडी गाडी

आमच्या रिसोडात एक माणूस असा होता, की घरून निघताना म्हातारा असायचा आणि वाशीमला पोचला की तरणा. खोटं नाही सांगत. दिगांबरभाऊची पिठाची गिरणी होती, आमच्या घराला लागून. दिवसभर ज्वारीचं पीठ डोक्यावर बसून केस पांढरेफटक. तसाच उठायचा, मोटारीत बसायचा, आणि वाऱ्यानं पीठ उडून गेलं की खाली काळेभोर केस.

पण ही दुसऱ्या मोटारीची गोष्ट. आधी पहिली सांगते.

पहिली होती डब्याएवढी. मागचं दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडे, त्यातून तो कधी ज्वारीची पोती कोंबायचा, कधी माणसं. आकार एवढासा, पण पळायची अशी, की तिच्या इंजिनात यानं काय काड्या करून ठेवल्या होत्या देव जाणे. "जीव अन् गाडी, दोनी हलकी पायजे वयनी," असं मला नेहमी सांगायचा. आवडता शब्द 'बुंगाट', म्हणजे सुसाट. चहा बुंगाट प्यायचा, जेवण बुंगाट, रस्त्यातल्या कोंबड्याही याला पाहून बुंगाट पळायच्या.

लग्नसराई आली की ती मोटार सगळ्या आळीची. बसवायचं काम काशीमावशीकडं. ही त्याची सख्खी मावशी, आवाज गिरणीच्या पट्ट्यापेक्षा मोठा. दारात उभी राहून एकेकीला आत ढकलायची. "सवाष्नी पयले बसू द्या," हे तिचं ठरलेलं. सवाष्णी बसेपर्यंत मोटार भरून जायची, एखादीचा पाय बाहेर राहायचा, आणि दिगांबरभाऊ भोंग्यावर हात दाबून बसायचा. लांबच लांब भोंगा. मला वाटायचं, काय घाई या माणसाला.

भोंगा वाजला की घरातून त्याची मोठी बहीण गोदाबाई उंबऱ्यापर्यंत यायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. दिगांबरला तिनंच वाढवलं. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात तुरी पाखडायचं सूप. "जा तुमी," म्हणायची. "घर कोन पाहीन?" मोटार धुरळा उडवत जायची आणि ही घर पाहत बसायची. घराला काय पाय फुटणार होते?

एक दिवस भाऊ कारंज्याला गेला तो डब्यातून, आणि परत आला भलत्याच गाडीत. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं टिनाच्या शेडमध्ये ती पडून होती, कोंबड्या अंडी घालायच्या म्हणे तिच्यात. यानं सरळ अदलाबदल केली. लांबुडकी, लाल, दोनच सीट, आणि वर टप नाही.

आळीत गहजब झाला. लोकांना वाटलं, अपघातात टप उडाला. दोघंतिघं तर तोंड पाडून 'किती लागलं' विचारायला आले. एकानं ताडपत्री आणून दिली. भाऊनं सगळ्यांना चहा पाजला, ताडपत्री ठेवून घेतली आणि खो खो हसला.

मग काशीमावशी आली. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटा पाहिल्या, आणि म्हणाली, "काहून रे दिगू, चांगली गाडी देऊन हे बोडकी आनली? लग्नाच्या घरी कसं न्यावं इले?"

भाऊचं हसणं थांबलं. फडक्यानं गाडी पुसत होता, तो हात तिथंच राहिला. उंबऱ्यात गोदाबाई सूप घेऊन उभी होती. आमच्याकडं तिचे केस कुणी कापले नव्हते, पण शब्द मात्र डोक्यावर बसवून दिला होता.

"उघडी म्हन, मावशी," तो हळू बोलला. "तो शबद या दारात चालत नाई."

मावशीनं एकदा उंबऱ्याकडं पाहिलं आणि आली तशी घरी निघून गेली.

पुढच्या महिन्यात रिठदला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. ही भाची गोदाबाईच्या मांडीवर न्हालेली. पण लग्न म्हटलं की गोदाबाईचं आपलं तेच, घर कोन पाहीन. सकाळी मावशी नव्या लुगड्यात ट्रंक घेऊन गाडीपाशी हजर. भाऊनं ट्रंक उचलली आणि शेजारच्या बैलगाडीत नेऊन ठेवली.

"दोनच सीटा हायेत मावशी. एक मायी. राह्यलेल्या एकीत सवाष्नी पयले असा नंबर लावता येत नाई."

मग घरात गेला आणि गोदाबाईच्या हातातलं सूप काढून माझ्या हातात दिलं. "वयनी, घर तुमी पाहा आज."

ती जागची हलेना. "लोक काय म्हनतीन, दिगू?"

"म्हनू दे. बोलनं मांगं राहीन बाई, आपन पुढं. बुंगाट."

सूप धरून मी ओट्यावर उभी राहिले. गाडी गिरणीपासून वळली तसं पीठ उडायला लागलं, त्याचे केस काळे होत गेले. तेवढ्यात शेजारच्या सीटवर तिच्या डोक्यावरचा पदर सुटला. हात वर गेला तिचा, पण पदरापर्यंत पोचला नाही, वाऱ्यातच राहिला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मी गोदाबाईचे केस त्या दिवशी पाहिले. पांढरे होते, पण केवढे दाट.

संध्याकाळी परत आली तेव्हा डोळे लाल. मी घाबरून विचारलं, कुणी काही बोललं का? "कचरा गेला व डोयात," म्हणाली. "पन रस्ता लय चांगला हाये रिठदचा."

आठवड्यानं, ऐन दळणाच्या गर्दीत, बाहेर भोंगा वाजायला लागला. लांबच लांब. भाऊ गिरणीत पिठानं माखलेला, हात पट्ट्यावर. मग गाडीत कोण, म्हणून मी ओट्यावर आले.

गोदाबाई बसली होती, आपल्या सीटवर. पदर कमरेला खोचलेला, एक हात भोंग्यावर.

"दिगू," ती ओरडून राहिली होती, "किती वेळ रे?"