मनगटाची रजा

मनगट दुखण्यात हेडक्लार्कसाहेबांचा फायदा अगदी सरळ होता: रोज पन्नास मिनिटं झोप. आठवड्याचे सहा दिवस धरले तर पाच तास. वर्षाचा आकडा त्यांनी उशीवर पडल्यापडल्याच काढला, तेव्हा जवळजवळ अकरा दिवसांची सलग झोप पदरात पडत होती. त्यासाठी करायचं काय, तर योगवर्गात ओणवं होताना एकदा "आई गं" म्हणायचं.

अडचण अशी होती, की वर्ग घेणारी बाई त्यांची सख्खी धाकटी बहीण होती. शेजारच्या सतरंजीवर त्यांची बायको होती, आणि वर्गात त्यांचं नाव तिनेच घातलं होतं.

"आई गं!"

"काय झालं, दादा?"

"मनगट. उजवं. कळ आली एकदम."

"कुठे? अंगठ्याच्या बाजूला की करंगळीच्या?"

एवढी चौकशी होईल असं त्यांनी धरलं नव्हतं. "मधोमध," ते म्हणाले आणि हात तिच्या नाकासमोर धरला.

बहिणीने तो दाबून पाहिला. "बोटं फाक. बोटांच्या मुळाशी जोर दे, सगळं ओझं मनगटाजवळच्या तळव्यावर टाकू नकोस."

"तरी दुखतंय."

तिने टॉवेलची घडी तळव्याखाली सरकवली. "आता?"

"आताही."

"मग मुठींवर ये. नाहीतर सरळ कोपरं टेक."

दुखणं कोपरापर्यंत वर चढवायला त्यांची जीभ रेटेना. उरलेला तास त्यांनी कोपरांवर काढला आणि तो नेहमीच्या तासापेक्षा दुप्पट जड गेला. जाताना बहीण म्हणाली, "मनगट दुखतं म्हणून आसन सोडायचं नसतं, दादा. मनगटावरचं वजन सोडायचं."

म्हणजे पुरावा कमी पडला होता. संध्याकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणलं आणि मनगटापासून निम्म्या हातापर्यंत गुंडाळलं. ते पाहून बहिणीने जरा वेळ भुवया उंचावल्या आणि म्हणाली, "बरं, घे विश्रांती." मंगळवार आणि बुधवार मिळून शंभर मिनिटं जमा झाली. खर्च सुरू झाला तो तिसऱ्या दिवशी.

बायकोने कोणतंही काम कधी अर्धवट केलं नव्हतं. "अहो, तो पेला ठेवा आधी! मी धरते." तिने त्यांच्या तोंडाला पेला लावला. डबा तिनेच जिन्याखाली नेला. शर्टाची बटणं तिने लावली, तीही वरच्या गुंडीपर्यंत, मान आवळेल अशी. वर्तमानपत्राचं पान उलटायला हात पुढे केला, तर तो हळूच मांडीवर परत ठेवण्यात आला.

"अगं, डावा हात ठीक आहे माझा."

"तोही ठीक राहू दे."

"आणि ऑफिसात कुणाला सांगू नकोस हं."

"छे! सांगितलं कुठे? प्राचार्य मॅडमना फोन करून फक्त विचारलं, की लिखाण दुसऱ्या कुणाला देता येईल का."

हेडक्लार्कसाहेब चहा अर्धा टाकून उठले.

त्याचं कारण असं. कॉलेजच्या प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्यांची नावं दरवर्षी हेडक्लार्कसाहेब हाताने लिहीत. एकशे चाळीस नावं, टाक, काळी शाई. बदल्या, चौकशा, फायली यांत हयात गेलेल्या माणसाचं हे एकच काम असं होतं, जे लोक चौकटीत घालून भिंतीवर लावत. संगणक विभागातल्या गृहस्थांना सगळे 'प्रिंटर' म्हणत. ते पाच वर्षं एकच वाक्य म्हणत आले होते: "मशीन अर्ध्या तासात करतं, साहेब." एकदा का ते मशीनने केलं, की टाक पुन्हा हातात येणार नव्हता. हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ऑफिसात पोचताच प्राचार्य मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच ते घाबरले.

"काळजी करू नका. यंदा प्रिंटर छापतील. तब्येतीपुढे काही नाही."

"मॅडम, तसं किरकोळ आहे..."

"एवढं बँडेज आणि किरकोळ? योग शिकवणारी तुमची बहीण बरं झालंय म्हणाली, तर लिहा. सोमवारपर्यंत बघू."

खरं सांगावं, तर बायकोच्या हातून घास भरवून घेतले होते. त्यानंतर 'काही झालंच नव्हतं' म्हणणारा नवरा फार दिवस टिकत नाही, हा हिशेब त्यांना येत होता. बरं होण्याचा रस्ता एकच होता आणि तो सतरंजीवरून जात होता.

शुक्रवारी ते बायकोच्याही आधी उठले. बहीण हॉलचं कुलूप काढत होती, तर दादा पायरीवर.

"बँडेज?"

"काढलं. खणखणीत झालंय. तेवढं मॅडमना सांग."

"बघू तर. हातांवर ये, अंग फळीसारखं सरळ ठेव. एक मिनिट."

ते हातांवर आले. वीस सेकंदांतच उजव्या मनगटातून अशी कळ गेली, की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यातली पहिली खरीखुरी कळ, आणि आता ओरडायची सोय नव्हती. त्यांनी ओठ आवळले आणि हसायचा प्रयत्न केला.

"ऊठ," बहीण म्हणाली.

"मिनिट झालं नाही अजून."

"ऊठ म्हणते ना! हात जोड. आता जोडलेले हात तसेच खाली ने."

डावं मनगट सहज वळलं. उजवं अर्ध्या वाटेतच अडलं, आणि दोन तळव्यांमध्ये पाकीट मावेल एवढी फट पडली.

"हे असं कधीपासून?"

"लिहिणाऱ्याचा हात असाच असतो. नावं लिहून झाली की चार दिवस बधिर होतो, मग येतो ठिकाणावर. वीस वर्षं असंच आहे."

"आणि तू बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? काम केलं की होतंच."

बहीण त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. "दादा, सोमवारी तू खोटं बोलत होतास, ते मला तेव्हाच कळलं. दुखणारा माणूस हात लपवतो. तू दाखवत सुटला होतास. आज दुखतंय ते खरं आहे, आणि आज तू लपवतोयस."

हेडक्लार्कसाहेबांनी दाराकडे पाहिलं. "तुझ्या वहिनीला सांगणार?"

"वहिनीला काय सांगायचं? दुखत होतं ना मनगट?"

त्यांनी विचार केला. दुखत होतं.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार बहिणीने त्यांना कुठल्याच आसनात घातलं नाही. मुठी उघड, मीट. मनगट सावकाश फिरव. भिंतीला तळवे टेकून बोटं पसर, खांदा कानापासून खाली. रविवारी तिने त्यांना घरून टाक आणायला लावला आणि समोर बसवून दहा ओळी लिहून घेतल्या. "एवढा घट्ट धरतोस? पळून जाणार आहे का तो? बोटांनी ओढू नकोस, खांद्यापासून हात चालव."

सोमवारी तीच मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "लिहू द्या त्याला. पण एका वेळी वीसच नावं. मग दहा मिनिटं हात मोकळा."

"आणि नाही थांबले तर?"

"मग मशीन आहेच की!" प्रिंटर दारातून म्हणाले.

ते थांबले. वीस नावं झाली की टाक खाली, मुठी उघड, मुठी मीट. प्रिंटर घड्याळ लावून बसले होते. सातव्या फेरीला एकशे चाळिसावं नाव उमटलं तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी बोटं हलवून पाहिली. सगळी जागेवर होती. नावं लिहून झालेल्या संध्याकाळी उजव्या हाताने शर्टाची बटणं त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा काढली. बायको पाहत राहिली आणि नंतर शेजारणीला म्हणाली, "माझ्या शुश्रूषेनं झालं हं."

दुसऱ्या दिवशी प्रिंटर त्यांच्या टेबलाजवळ घुटमळले. "साहेब, ते मुठीचं जरा दाखवता? माऊस धरून धरून माझंही..." मागोमाग मॅडम, मग ग्रंथपालबाई, मग प्रयोगशाळेतले दोघं. आठवडाभरात मनगटवाल्यांची संख्या मूळ वर्गाहून जास्त झाली.

"दादा," बहीण म्हणाली, "यांची वेगळी तुकडी काढू. वर्गाच्या आधी पंचवीस मिनिटं. तू घे."

"मी?"

"तुझ्याइतकं मनगट कुणाला कळतंय?"

त्यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हिशेब त्यांनी घरी येऊन केला. पन्नास मिनिटं होतीच, वर पंचवीस. मॅडमना योग फुकट, प्रिंटरना हात मोकळा, बायकोला श्रेय, बहिणीला दोन तुकड्या. आठवड्याचे पाच तास झोप वाचवायला निघालेला एकच माणूस साडेसात तास देऊन बसला होता. आणि हॉलच्या दारावरची नव्या तुकडीची सूचना, वेळेसकट, त्याने स्वतःच टाकाने लिहिली होती, इतकी सुरेख, की खोडायला कुणाचा हात धजला नसता.