पढवलेला साक्षीदार

हमीदचाचांकडे काहीही दुरुस्तीला न्या, ते आधी ओट्यावर ताठ उभे राहून तीनदा पुकारा करायचे. "जगतापबाईंचा मिक्सर, हाऽऽजिर हो!" मिक्सर त्यांच्या समोरच असायचा. आख्ख्या आळीला कळायचं, की आज जगतापांकडे चटणी पाट्यावर वाटणार.

चाचांनी तीस वर्षं भोरच्या कोर्टात शिपाई म्हणून पुकारे केले. निवृत्त झाल्यावर ओट्यावर दुरुस्तीचं दुकान मांडलं, पण कोर्ट काही सुटलं नाही. बंद पडलेली वस्तू आरोपी, मालक फिर्यादी, आणि "पुराव्याबिगर स्क्रू हलायचा न्हाई!" माझी साधी इस्त्री सात तारखा फिरली. मी वैतागून म्हटलं, "चाचा, इस्त्री आहे का बांधावरचा दावा?"

"बाई, घाई केली का निरपराध अडकतो." आठव्या तारखेला त्यांनी निकाल दिला: इस्त्री निर्दोष, आमच्या घरातला प्लग गुन्हेगार. प्लग खरंच आतून जळलेला निघाला. आता काय बोलणार कप्पाळ!

अशा माणसाच्या दारात मी माझी विजेची स्कूटर घेऊन गेले, तीही शनिवारी दुपारी, आणि निकाल मला सोमवारच्या आत हवा होता.

तेव्हा भोरमध्ये विजेची स्कूटर म्हणजे केवढं अप्रूप! मी उत्रोलीच्या शाळेत शिकवायची. पंधरा वर्षं एसटीची वाट बघून पाय झिजले होते. आमच्या ह्यांच्याशी वर्षभर भांडून मी ती गाडी घेतली. लायसन नको, पेट्रोल नको, कुणाला "सोडता का हो?" म्हणून विचारायला नको. बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मनात आलं तेव्हा घरातून निघत होते. इतकी खूश होते, की वर्गात पाढे म्हणतानासुद्धा खिडकीतून गाडीकडे बघायची.

आणि दसरा झाल्यावर गाडी चार्जच होईना. चार्जर लावला की लाल दिवा तीनदा डोळे मिचकावून गप्प. पुण्याच्या दुकानदारानं फोनवरच सांगून टाकलं, "तीनदा मिचकावतो म्हणजे बॅटरी तापतेय. बॅटरी गेली." नवी बॅटरी म्हणजे अर्ध्या गाडीची किंमत. आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी परस्पर ठरवलं, सोमवारी टेम्पो येणार आणि गाडी परत जाणार. माझ्या तर डोळ्यांतून पाणीच आलं.

चाचांनी पुकारा केला. मग सीट उचलून बॅटरीला चक्क गाल लावला. मीटरच्या आधी गाल, ही त्यांची पद्धत.

"थंडगार हाय की! आन म्हनं तापली. कोन म्हनतंय?"

"चार्जर म्हणतोय."

"त्यानं सोता बघितलं का? न्हाई. ऐकीव!" चाचांचे डोळे चमकले. त्यांनी थंडपेयवाल्याकडून बर्फाची लादी आणवली, पिशवीत गुंडाळून बॅटरीवर ठेवली. अर्ध्या तासानं बॅटरी माठासारखी गार. चार्जर लावला. लाल दिवा!

"मग चार्जरच्या कानाला कोन लागतंय?" चाचा उकिडवे बसून वायरींचा माग काढत निघाले. बॅटरीच्या कुशीला हरभऱ्याएवढा काळा मणी चिकटवलेला होता, त्याला दोन बारीक वायरी. "ह्यो बगा साक्षीदार! बॅटरी किती तापली त्ये ह्यो चार्जरला सांगनार. जास्त म्हनला, का चार्जर दुकान बंद करनार."

मग उलटतपासणी. एका वाटीत बर्फाचं पाणी, दुसरीत माझ्यासाठी केलेला वाफाळता चहा. मणी बर्फात बुडवला, मीटर बघितला. चहात बुडवला, मीटर बघितला. आणि चाचा असे उडाले, की चहा माझ्या साडीवर!

"बर्फात बी त्येच, चहात बी त्येच! पढवलेला साक्षीदार हाय ह्यो, बाई! काय बी इचारा, म्हनतोय लई तापलंय, लई तापलंय!"

मीही ओरडले, "म्हणजे बॅटरी चांगलीय?"

"निर्दोष! पर ह्याला बिघडवला कुनी?" ते माझ्याकडे वळले. "बाई, खरं सांगा. गाडी धुतली?"

मी मान खाली घातली. दसऱ्याच्या पूजेला गाडी धुतली होती. सीट उचलून. आतूनसुद्धा. पाइप लावून.

चाचांनी कपाळावर हात मारला. "पानी शिरून त्याची मती फिरली. आता ह्याच जातीचा दुसरा पायजे. पुन्यास्नं मागवाय लागंल, बुधवारबिगर यायचा न्हाई." मी पदरानं गाडीची सीट पुसत बसले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग उठून आत गेले. बऱ्याच वेळानं आले, तेव्हा हातात तसाच मणी होता. जोडला, टेप गुंडाळली, चार्जर लावला. हिरवा दिवा! मी ओट्यावर उडीच मारली.

सोमवारी टेम्पो रिकामा गेला आणि मी भुर्रकन शाळेत. येताना पेढे घेऊन चाचांकडे थांबले. ओट्यावर कुणी नव्हतं. हाक मारली, तर परसातून आवाज आला, "हिकडं या. मला उठता येत न्हाई."

परसातल्या पडवीत चाचा एका लाकडी खोक्यात हात घालून बसले होते. डोळे लाल. खोक्यात दिवा, भुशावर अकरा अंडी. पिल्लं उबवायची पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. ऊब वाढली की दिवा आपोआप विझायचा आणि कमी झाली की लागायचा. ते ज्या मण्यावर चालायचं, तो आता माझ्या स्कूटरमध्ये होता. शनिवारपासून चाचा अंड्यांना गाल लावून दिव्याचं बटण स्वतः दाबत होते. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या.

"बिल्किसच्या कोंबडीची हायती," ते म्हणाले. त्यांच्या बायकोला, बिल्किसचाचींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. "शेवटची ऱ्हायली होती. मागल्या पंधरवड्यात मुंगसानं नेली."

मी पेढे खाली ठेवले. "अहो, मग मला मणी कशाला दिलात? बॅटरी चांगलीय म्हटल्यावर टेम्पो थांबवला असता, बुधवारपर्यंत एसटीनं गेले असते!"

"तुमाला सोमवारी जायाचं होतं," चाचा म्हणाले. "मला कुठं जायाचंय?"

मी पदर खोचला, पेटीत हात घातला आणि म्हटलं, "उठा. जेवून या. तोवर मी बसते." ते हो-नाही करत उठले. पाचच मिनिटांत ताट घेऊन पुन्हा तिथंच, माझ्याजवळ येऊन बसले.

"आत एकट्याला घास उतरत न्हाई," म्हणाले, आणि भाकरी मोडली.