केरबाची गाडी आणि कोयनेची ओल

रूळ उचलला होता. केरबानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दिवाणाएवढ्या प्लायवूडवर त्यानं हौसेनं मांडलेल्या छोट्या लोणंद स्टेशनात, फलाटाच्या अलीकडं, रूळ मांजराच्या पाठीसारखा वर आला होता.

"उन्हानं ताणलाय," तो म्हणाला.

"मामा, आषाढापासून ऊन कुठं बघितलंय आपण?" सून अंकिता दारातून म्हणाली.

केरबाचा सारा जन्म लोणंदला रेल्वेचे रूळ तपासण्यात गेला होता. रूळ उचलला की दोष उन्हाचा, हे त्याच्या हाडात बसलं होतं. लोणंदच्या कोरड्या हवेत ही खेळण्यातली छोटी गाडी वर्षानुवर्षं पळाली. खोड एकच. बटण कधीही बंद करा, ती फलाट ओलांडूनच थांबायची. फलाटावर त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, चिंध्यांची स्वतःचीच बाहुली करून उभी केली होती, हातात गाठोडं देऊन.

"माझ्या म्होरं कवा थांबायची वं ही?" ती दरवेळी विचारायची.

गेल्या श्रावणात ती गेली. या उन्हाळ्यात मुलानं, विश्वजीतनं, बापाला गाडीसकट कोयनानगरला आणलं. उद्या वर्षश्राद्ध. आटपाडीहून केरबाच्या सासूबाई, चंद्राबाईची आई अंबूबाई, येणार होत्या. लेकीचं स्टेशन आणि त्यात येणारी गाडी त्यांना दाखवायचा शब्द केरबानं दिला होता.

त्यानं रुळाला गारवा मिळावा म्हणून ओलं पोतं पांघरलं.

सकाळी रुळावर त्या मांजराच्या शेजारी दुसरं मांजर उभं होतं. फळी फुगली होती, आणि रूळ तांबूस झाले होते.

"आवं मामा, फळी पाणी पितीया! हितं डब्यातला पापड मऊ पडतो, अन् तुमी लाकडाला आंघोळ घातली?"

"मग वाळवू की!" केरबा म्हणाला, आणि फळीच्या एका टोकाखाली शेगडी सरकवली.

फळी वाळली खरी, पण पापडासारखीच वळली. शेगडीकडचं टोक वर गेलं आणि सपाट लोणंदला घाट लागला.

केरबाचं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं. फलाटामागची टेकडी चंद्राबाईनं लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केली होती. त्या रंगातून आता खरं शेवाळ उगवलं होतं. नखाएवढं, मखमलीसारखं. ते टेकडीवरून उतरून फलाटापुढच्या रुळापर्यंत आलं होतं. केरबा वाकून बघतच राहिला. तिनं केलेलं काहीतरी अजून वाढत होतं.

"घासून काढू का?" अंकितानं विचारलं.

"हात लावू नगंस, पोरी."

तेवढ्यात अंबूबाई आल्या. पदरानं तोंड पुसत त्यांनी आधी बाहुली बघितली. बराच वेळ बघितली.

"माजी चंद्रा हाय व्हय ही? नाक जरा मोठं केलंया. चालवा पावणं गाडी."

केरबानं बटण दाबलं. घाटमाथ्यावर उभं असलेलं इंजिन गुरगुरलं, पण हललं नाही. गंजलेल्या रुळातून वीज जाईना. त्यानं पुन्हा दाबलं.

"लेक सांगायची, जावाय लय मोठे रेल्वेवाले," अंबूबाई म्हणाल्या. "हे तर आमच्या शेजारच्या बिरदेवच्या म्हशीगत अडलंया."

केरबानं चिडून इंजिनाला टिचकी मारली. डब्यांना जोडणारी कडी निसटली. मागचे डबे इंजिनाला सोडून उलटे निघाले. उतारावरून सावकाश, आवाज न करता.

"आवं, इंजान तर हितंच ऱ्हायलं!" अंबूबाई ओरडल्या.

डबे दोन्ही मांजरं चढून उतरले. आता फलाट ओलांडणार, पुढं फळीच्या कडेवरून खाली पडणार. केरबाचा हात पुढं झाला आणि मध्येच थांबला. शेवाळात शिरून चाकं रुतली, हळू झाली आणि थांबली. डब्याचं दार बरोबर बाहुलीसमोर होतं.

अंबूबाईंनी हात जोडले.

संध्याकाळी विश्वजीत नवी फळी घेऊन आला. "आण्णा, ही ओल धरत न्हाई. बदलून टाकू."

"स्वयंपाकघरात लाव. पापड ठिवायला," केरबा म्हणाला.

"अन् गाडी?"

"गाडी थांबलीया," केरबा म्हणाला. "तुज्या आईला गाठोडं घिऊन चढायला वेळ लागतो."