खटके सरांची दावण

वीज गेली की आमच्या कॉलेजात सगळे पंख्याकडे बघतात. खटके सर मात्र प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीवर ओरडतात, "निजले का बे सगळे?" नळीत कोणीही नसतं, साबुदाण्याएवढे लालसर मणी असतात. धारूरच्या या माळावर वेड लागायला कारणं पुष्कळ आहेत, म्हणून पहिली दोन वर्षं मी चौकशीच केली नाही. मी मराठी शिकवतो, ते रसायनशास्त्र. एकमेकांचं काही कळत नाही म्हणूनच आमचं जमतं.

शेवटी एकदा विचारलं. सर धनगराचे. त्यांनी खडूनं फळ्यावर चक्क दावण काढली.

"शेटे सर, हे एन्झाइम दुधातली मूळची साखर फोडतं. ही साखर लई जणांना पचत न्हाई. एन्झाइम मोकळं सोडलं तर दुधासंगं वाहून जातं, म्हणून मण्यात बांधलं. पर बांधलेलं जनावर आळसावतं. मग त्याच्याशेजारी सोन्याचे बारीक कण बशिवले. उजेड पडला की कण तापतेत, याला ऊब लागती, की उठलंच कामाला!"

सोनं हा शब्द शिपाई गणपतच्या कानावर पडला. दुपारी प्राचार्य हजर. सरांनी डाळिंबाच्या रसासारख्या पाण्याची बाटली दाखवली.

"हे सोनं? मग लाल कावून?"

"लई बारीक केलं की लालच दिसतं."

प्राचार्यांनी ती बाटली प्रश्नपत्रिकांच्या कपाटात कुलूपबंद केली. ती परत मिळेपर्यंत तीन दिवस सर त्या कपाटासमोर बसून डबा खात होते. मण्यांवर उजेड पाडायचा हिरवा दिवा मंडपवाल्याचा होता. लग्नाची तिथी आली की तो दिवा घेऊन जाई आणि संशोधन बंद पडे.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. मग एक दिवस सरांनी मला वस्तीवरच्या घरी नेलं, आणि त्यानंतर मला ते सांगवेना.

खाटेवर त्यांची आई होती, गिरजाबाई. जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेला, जेवण म्हणजे दूध आणि भाकरी. आतड्याच्या आजारानं दूध पचेनासं झालं आणि डॉक्टरांनी ते बंद केलं. म्हातारीनं मग बाकीचं खाणंही हळूहळू सोडलं. सरांनी सोयाबीनचं दूध आणलं, ते तिनं कुत्र्यापुढं ओतलं. कुत्रं हुंगून निघून गेलं. तिच्या हातावर नुसती कातडी उरली होती.

"दुधात टाकायचं औषध विकत मिळत असेल की," मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"मिळतं. पर म्हातारीनं जल्मात दुधात पाण्याचा थेंब टाकला न्हाई. तिच्या दुधात मी काई कसं टाकू? ह्यात एन्झाइम मण्यातच राहतं. दुधात काईच पडत न्हाई."

एवढ्यासाठी हा माणूस दोन वर्षांहून जास्त खपत होता. नळीतून निघालेलं दूध महिनाभर आधी स्वतः प्याला, काही अपाय होत नाही याची खात्री करायला. मग एका सकाळी आम्ही मोटारसायकलवरून निघालो. मागं बसून मी दुधाचा तांब्या छातीशी धरला होता.

गिरजाबाईनं एक घोट घेतला आणि थांबली.

"बिरा, साखर घातली?"

दुधातली साखर फुटली की दूध जास्त गोड लागतं. महिनाभर ते गोड दूध सर आनंदानं पीत होते, पण आईला हे आधी सांगायला हवं, एवढं त्या विद्वानाला सुचलं नव्हतं.

"न्हाई आये, वरून काईच न्हाई घातलं. ते एन्झाइम असतंय, त्याच्यावर उजेड पडला की..."

"मराया टेकले म्हून फसवतू व्हय? माज्याच दुधात?"

तिनं पेला खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. सर खाटेजवळ बसून बराच वेळ समजावत राहिले. चौथ्या दिवशी ती गेली. तोवर मुलाशी एक शब्द बोलली नाही.

तेरावा झाला आणि सर कॉलेजात आले. आल्या आल्या हिरवा दिवा लावला, नळीत दूध ओतलं. माझं डोकंच फिरलं.

"आता कुणासाठी, सर?"

त्यांनी कप भरून माझ्यापुढं धरला.

"प्या. खरं सांगा. साखर घातलीय?"

मी प्यालो. दूध गोड होतं, चांगलंच गोड. गिरजाबाईच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

"नाही, सर. वरून एक कणही नाही."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि दुसरा कप भरला.

"गणपतलाबी बोलवा," ते म्हणाले.