मिशीचा केस आणि गल्लीतली भेग

आमच्या गल्लीतले सिद्रामप्पा रोज संध्याकाळी मिशीतला एक केस उपटतात आणि रस्त्याच्या भेगेत घालून बघतात. केस आत गेला नाही की खूश. "बघा, उघडली नाही की!" मिशीची डावी बाजू त्यापायी विरळ झाली आहे.

सिद्रामप्पा रस्त्यांच्या कामावरचे निवृत्त इंजिनिअर. गल्लीत काँक्रीट पडलं तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू घालायला त्यांनीच ठेकेदाराला भाग पाडलं. रस्ता वाळल्यावर वर धागे दिसू लागले. "रस्त्याला लव आली," म्हणून बायका हसल्या. मीही हसलो, त्याची टोचणी अजून आहे.

"सोलापुरात राहता आणि धाग्याला हसता?" ते मला म्हणाले. "चादर कशानं टिकते हो?"

पुढे भेग पडली ती नेमकी त्यांच्या आणि समोरच्या घराच्या मध्ये. समोर त्यांचे थोरले भाऊ राहतात, अण्णा. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. अण्णा कट्ट्यावर पेपर धरून बसायचे आणि सिद्रामप्पा भेगेपाशी उकिडवे बसून मला समजवायचे.

"भेग पडणारच हो! पण तंतू दोन्ही कडा धरून ठेवतात. पाणी आत शिरलं नाही की रस्ता टिकला."

मी हातभर अंतरावर, आवाज मात्र सभेतला. मला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. तेवढ्या वेळात अण्णांच्या पेपरचं पान उलटत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मागच्या महिन्यात एकदा मी मोडनिंबला गेलो, तेही न सांगता. परतताना बसमध्ये मन खात होतं, आज ते कुणाला सांगणार? गल्लीच्या तोंडाशी आलो तर सिद्रामप्पा एकटेच उकिडवे, हात मिशीला.

"आज तुझा ऐकणारा नाही की रे," कट्ट्यावरून अण्णा म्हणाले.

सिद्रामप्पांनी मिशीतला एक केस चिमटीत धरला.

अण्णांनी पेपर ठेवला. गुडघे धरत उतरले, भेगेच्या पलीकडे बसले.

"काय राहिलंय त्या मिशीत? थांब." आणि स्वतःच्या पांढऱ्या झुबक्यातला केस उपटून पुढे केला. डोळ्यांत पाणी आलं. "लई दुखतं की रे हे!"

"दुखतंच, अण्णा."

दोघं भेगेवर वाकले. मी आल्या पावली मागे फिरलो आणि नवी पेठेत जाऊन उगाच एक टॉवेल घेतला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला नवी पेठेत काम निघतं. घरात टॉवेल फार झालेत. हिला काय सांगावं, तेवढं सुचत नाही.